इमानी काटा

३ नोव्हेंबर

ती. मामास,
खारीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की कॉलेजात जाऊन शहाणी झालीस की अजून खारीसारखी टुणटुण उड्या मारतेस. आई म्हणाली, लिही, की उड्या बंद झाल्यात, आता नुसतं डोकं कुरतडते. तेव्हा आज तुझं डोकं कुरतडायला बसले आहे.

आधी नानांची खबर. दवाखान्यातून घरी आल्याला तीन महिने झाले. डॉक्टरांनी आईला सांगितलंय, की त्यांचं हृदय थकलंय आणि थकलेलं हृदय अंगात पाणी साठवतं. म्हणून रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी समजायचं आणि लगेच फोन करायचा. सप्टेंबरात तसं झालंच होतं. मी फोन केला, त्यांनी गोळी वाढवली, चार दिवसांत पाणी उतरलं आणि नाना पुन्हा सदऱ्यांना बटणं लावायला बसले. आई पहाटेच पावाच्या कारखान्यात जाते, म्हणून वजनाचं खातं माझ्याकडे. नाना काट्यावर फोटो काढायला उभे राहिल्यासारखे उभे राहतात आणि खाली न बघता विचारतात, की पास की नापास.

आता काम. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी ॲक्युरेट आणि प्रिसाइज या दोन शब्दांतला फरक लिहून आणायला सांगितलाय. शब्दकोशात दोन्हींपुढे 'अचूक' लिहिलंय. बाईंना तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, की मग शब्दकोशालाच परीक्षेला बसव. नानांना विचारलं. ते म्हणाले, की तुझ्या मामाला इंग्रजी येत नाही पण काटे येतात, त्याला लिही. म्हणून लिहिते आहे. उशीर केलास तर माझे दोन मार्क तुझ्या नावावर.

मामीला नमस्कार. तुझा लोभ असाच राहू दे, कुठल्याही काट्यावर न मावणारा.

तुझी,
खारी


९ नोव्हेंबर

चि. खारीस,
मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत कारखान्यात वाचलं. शेजारी मिस्त्री डबा खात होते. मी हसलो तेव्हा त्यांनी विचारलं, की काय झालं. मी सांगितलं, की भाचीने इंग्रजीचा मास्तर केलंय. त्यांना ठसका लागला.

त्याला कारण आहे. मी इथे नवा लागलो तेव्हा तपासणीच्या कागदावर तुझ्या या दोन शब्दांचे दोन रकाने होते. आपल्या गावच्या शाळेत एकच मास्तर चार वर्गांना शिकवायचे. त्यांच्या इंग्रजीत हे शब्द आलेच नव्हते. मला वाटलं, छापणाऱ्याने चुकून एकच गोष्ट दोनदा छापली आहे. महिनाभर मी दोन्ही रकान्यांत तोच आकडा भरला. मिस्त्रींनी ते कागद पाहिले, मला रागावले नाहीत. त्यांनी वीस किलोचं प्रमाण वजन एका काट्यावर ठेवलं. काट्याने एकोणीस दाखवले. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा एकोणीस. दहा वेळा ठेवलं, दहाही वेळा एकोणीस. मग दुसरा काटा घेतला. त्याने एकदा एकवीस दाखवले, एकदा एकोणीस, एकदा साडेवीस. मिस्त्री म्हणाले, की सांग, यातला कुठला घरी नेशील.

पहिला काटा प्रिसाइज आहे, पण ॲक्युरेट नाही. तो खोटं बोलतो, पण रोज तेच खोटं बोलतो. ॲक्युरेट म्हणजे खऱ्याशी जुळणारा. प्रिसाइज म्हणजे स्वतःशी जुळणारा. मी मनात एकाला खरा म्हणतो आणि दुसऱ्याला इमानी. चांगल्या काट्यात दोन्ही गुण असतात, माणसात क्वचित. आमचे मालक रोज वीस मिनिटं उशिरा येतात. त्यांच्या येण्यावर घड्याळ लावता येतं, पण त्यांना वेळेवर आले असं कुणी म्हणणार नाही.

तुझ्या घरातच याचा दाखला आहे. नानांची कपडे शिवायची टेप तुला आठवत नसेल. तिचा पहिला इंच झिजून तुटून गेला होता. नाना प्रत्येक मापातून एक वजा करायचे. चाळीस वर्षांत कुणाचा सदरा तोकडा झाला नाही. मी नोकरीच्या पहिल्या पगारात नवी टेप नेली तर म्हणाले, की हिच्याशी माझी ओळख व्हायला पुन्हा चाळीस वर्षं लागतील.

आणि तुमचा तो पायाचा काटा, बंद पडलेल्या व्यायामशाळेतून आणलेला. गेल्या खेपेला मी त्यावर उभा राहिलो तर माझं वजन कारखान्यातल्या काट्यापेक्षा कमी भरलं. तो खरा नाही, इमानी आहे. हे लिहिताना मात्र मला लाज वाटली. लोकांच्या धान्याचे, औषधांचे, लोखंडाचे काटे मी तीस वर्षं खरे करतो आणि माझे वडील रोज सकाळी खोट्या काट्यावर उभे राहतात. कामाला सुरुवात करण्याआधी मी हात जोडतो तेव्हा एकच मागतो, की हातून मापात पाप होऊ नये. आणि घरात हे असं. मी त्यांच्यासाठी एक काटा स्वतः बसवून पाठवतो.

बाईंना हे तुझ्या शब्दांत लिहून दे, मिस्त्रींचं नाव घालू नकोस. आईला व नानांना सांग, की आठवण रोज येते. अभ्यासात मन लाव, आणि या म्हाताऱ्या होत चाललेल्या मामावर माया ठेव.

तुझा,
मामा


१८ नोव्हेंबर

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला तुझ्या उत्तरावर पूर्ण मार्क मिळाले. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात प्रत्येकाची या दोन शब्दांत तपासणी चालू आहे. माझी भाकरी म्हणे इमानी आहे, रोज एकाच बाजूने करपते.

काटा पाठवतो आहेस ते वाचून नानांना इतका आनंद झाला, की शेजारच्या दोन घरी सांगून आले. माझा मुलगा माझ्यासाठी काटा बसवतोय, असं म्हणताना त्यांची मान ताठ होते. तुला ते तोंडावर कधी म्हणायचे नाहीत, म्हणून मी लिहिते.

बाकी त्यांचा चोरटेपणा चालू आहे. मीठ बंद केलंय, तर शिलाईच्या डब्यात बटणांखाली मिठाची पुडी सापडली. मी रागावले, तर म्हणाले, की बटणांना गंज चढू नये म्हणून ठेवली होती. मिठाने गंज चढतो नाना, असं म्हटलं तर खारीकडे बघून म्हणाले, की तुझी आई फार शिकली. हसू आवरत नाही आणि भीतीही जात नाही. सप्टेंबरात ते खारीने वेळेवर पकडलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या वेळी चार दिवस उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. सारी भिस्त त्या वहीवर आहे.

काटा कधी आणि कुणाबरोबर पाठवतोस ते कळव. वहिनींना नमस्कार. तू स्वतःला जप. लोभ आहेच, तो मागायची गरज मला लहानपणापासून पडली नाही.

तुझी,
धाकटी


२२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
दादाचे अ. आ. वि. वि.

काटा तयार आहे. स्प्रिंग नवी टाकली, तबकडीवरचे आकडे नानांना चष्म्याशिवाय दिसतील असे मोठे घेतले. पायाखाली गार लागू नये म्हणून वर रबर चिकटवलं.

आमच्या मालाच्या गाडीचा ड्रायव्हर पंचवीस तारखेला तुमच्याकडून इकडे येईल. सकाळचं वजन झालं की जुना काटा त्याच्याकडे दे. मी इथे त्यावर प्रमाण वजनं ठेवून तो नेमका किती कमी दाखवतो ते काढतो. तीस तारखेला गाडी पुन्हा तिकडे जाईल, तिच्याबरोबर नवा काटा आणि तो फरक लिहिलेली चिठ्ठी पाठवतो. मधले पाच दिवस वजन होणार नाही, पण नाना बरे आहेत, पाच दिवसांनी काही बिघडत नाही.

मिठाच्या पुडीबद्दल वाचून मीही हसलो, मग देवापुढे बसून त्यांच्यासाठी थोडं जास्त मागितलं. तू पहाटेच्या थंडीत कानाला बांधून जात जा. तुम्हा तिघांवर माझा जीव आहे, हे कागदावर लिहायचं असतं म्हणून लिहितो.

तुझा,
दादा


३० नोव्हेंबर
(काट्याच्या खोक्यात ठेवलेली चिठ्ठी)

चि. खारीस आशीर्वाद.

गाडी सुटायची वेळ झाली आहे, म्हणून चार ओळी. इथे सरकारी तपासणी आली, जुना काटा बघायला सवड झाली नाही. पण काळजी नको. हा नवा काटा मी स्वतः तपासला आहे, हा खरा आहे. जुना कमी दाखवायचा, म्हणून हा दोन-चार किलो जास्त दाखवेल. तेवढ्याने घाबरून डॉक्टरांना फोन करू नका. वहीत नवं पान घाल आणि उद्याच्या आकड्यापासून नव्याने मोजायला लाग.

नानांना सांग, आता पास-नापास खरं कळेल.

मामा


४ डिसेंबर

ती. मामास,
खारीचा सा. न. वि. वि.

काटा पोचला. ड्रायव्हरकाकांनी तो मांडीवर ठेवून आणला म्हणे. त्यांना तू सांगितलं होतंस, की हा माझ्या वडिलांचा आहे.

एक तारखेला सकाळी नाना आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्यावर उभे राहिले. मी म्हटलं, नाना, डॉक्टरांनी त्याच कपड्यांत म्हटलंय, तर पुन्हा जुना सदरा घालून आले. पंचवीस तारखेला जुन्या काट्यावर साडेसत्तावन्न होते. नव्यावर साडेएकसष्ट! मी जरा घाबरले, पण तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. तू दोन-चार म्हणाला होतास, बरोबर चार निघाले. म्हणजे तो म्हातारा काटा भलताच खोटारडा होता. आईलाही दाखवलं. ती म्हणाली, की मामाने लिहिलंय ना, मग झालं. नाना तर सगळ्यांना सांगत सुटलेत, की मुलाने असा काटा पाठवला, की एका रात्रीत मला गुटगुटीत जावई करून टाकलं.

तू सांगितल्याप्रमाणे नवं पान घातलं. वर मोठ्या अक्षरांत 'खरा काटा' असं लिहिलं. दोन तारखेला एकसष्ट आठशे, तीनला बासष्ट शंभर, आज बासष्ट चारशे. थोडं थोडं वाढतंय, पण पहिल्या आकड्यापासून किलोभरसुद्धा नाही. दोन होईपर्यंत फोन करायचा नाही, असं ठरलंय. नानांना जरा धाप लागते. ते म्हणतात, थंडीने. रात्री दोन उशा घेतात आणि पायांत मोजे घालून बसतात.

सुट्टीत तुझ्या कारखान्यात येणार आहे. ते वीस किलोचं खरं वजन मला एकदा उचलून बघायचंय. मामीला नमस्कार. पत्र लवकर लिही, नाहीतर तुला इमानी म्हणणार नाही.

तुझी,
खारी


२८ डिसेंबर

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

तू परत गेलास त्याला आठ दिवस झाले. इथे असताना दिवसभर माणसं होती, बोलणं झालं नाही. आता घर इतकं रिकामं आहे, की घड्याळ बंद करून ठेवलं.

मी अजून सहा तारखेच्या सकाळीच आहे. कामावर निरोप आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. तशीच धावले. खारीने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली होती. नाना मागच्या सीटवर तिच्या खांद्याला टेकून बसले होते, पाण्याबाहेरच्या माशासारखा श्वास घेत होते. मला बघून म्हणाले, की हात धुऊन ये, सदऱ्याला पीठ लागेल. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते नव्हते. तू संध्याकाळी पोचलास. पुढचं तुला माहीत आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. खारी बोलत नाही. कॉलेजला जात नाही. ताटावर बसते, दोन घास चिवडते आणि उठते. ती वही उशीजवळ घेऊन बसलेली असते. जुनं पान आणि नवं पान उघडते आणि मधोमध बोट ठेवते. परवा मी वही काढून घेतली, तर ती हळू आवाजात म्हणाली, की आई, चार किलोंतले काट्याचे किती आणि नानांचे किती. मी म्हटलं, बाळा, असं काही नसतं. तर म्हणाली, की मामाला माहीत असणार, पण मी विचारू कशी, तो म्हणेल, हिला साधी वजाबाकी आली नाही. मी फोन करायला हवा होता, मी फोन केला नाही, एवढंच म्हणत राहते. सतरा वर्षांच्या पोरीने हे किती दिवस म्हणायचं?

दादा, ती तुझं ऐकते. तू तिला एवढंच लिही, की काट्याचा आणि नानांच्या जाण्याचा काही संबंध नाही. हृदयच थकलं होतं, असं डॉक्टरही म्हणाले. एकच ओळ लिही. खरं काय आणि खोटं काय ते मला नको आहे. मला माझी मुलगी हवी आहे.

लवकर लिही. तुझ्याशिवाय मला मागायला आता कुणी उरलं नाही.

धाकटी


८ जानेवारी

चि. खारीस,
मामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईने मला एक ओळ लिहायला सांगितली होती. ती मी तीन वेळा लिहिली आणि तीनदा फाडली. ती ओळ तुला पटली नसती, कारण वजाबाकी तुला चांगली येते. म्हणून जे आहे ते लिहितो. हे पत्र आईलाही वाचायला दे.

तुझं चार तारखेचं पत्र मी निघून आल्यावर इथे पोचलं. वीस तारखेला मामी आणि मी परत आलो तेव्हा ते दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. उभ्यानेच वाचलं. साडेसत्तावन्न आणि साडेएकसष्ट हे आकडे वाचल्यावर खाली बसलो. तुझ्या मामीला वाटलं, चक्कर आली. तिलाही सांगितलं नाही. एकोणीस दिवस मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. जुना काटा माझ्या टेबलाखाली होता, तू ज्या वर्तमानपत्रात गुंडाळला होतास त्याच वर्तमानपत्रात. सुतळीही सोडलेली नव्हती. पंचवीस नोव्हेंबरपासून तीसपर्यंत पाच दिवस तो माझ्या पायाशी पडून होता. तपासायला अर्धा तास लागतो. मी तपासणीच्या गडबडीत होतो असं तुला लिहिलं, ते खरं आहे. पण त्याच पाच दिवसांत मी दोनदा मिस्त्रींबरोबर चहाला बसलो, हेही खरं आहे.

मग मी तो तपासला. वीस, चाळीस, साठ किलो, प्रत्येक वजन दहा दहा वेळा. प्रत्येक वेळी एक किलो आठशे ग्रॅम कमी. एकदाही सुई केसभर इकडे की तिकडे झाली नाही. इतका इमानी काटा मी तीस वर्षांत पाहिला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चार किलोंतले एक किलो आठशे काट्याचे. दोन किलो दोनशे नानांचे. म्हणजे एक तारखेच्या सकाळी, नाना नव्या काट्यावर चढले तेव्हाच फोन करायची वेळ झाली होती. जुना काटा तिथे असता तर त्याने एकोणसाठ सातशे दाखवले असते आणि तू मागच्यासारखी धावत फोनकडे गेली असतीस. तुला तसं करण्यापासून कुणी थांबवलं? माझ्या चिठ्ठीने. मी लिहिलं होतं, फोन करू नका. मी लिहिलं होतं, दोन-चार किलो. दोन-चार हे बाजारातल्या गप्पांचं माप झालं, काटेवाल्याचं नाही. आमच्या धंद्यात जुना काटा हलवण्याआधी तेच ओझं दोन्हींवर ठेवून फरक लिहून देतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे करून देतो. माझ्या वडिलांना दिलं नाही.

तू मला त्या दोन शब्दांतला फरक विचारलास आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितला. नानांचं खरं वजन किती, हे डॉक्टरांना नकोच होतं. कालच्यापेक्षा आज किती, एवढंच हवं होतं. त्याला इमानी काटा लागतो, तो तुमच्या घरात होता. मला ते माहीत होतं. तुला समजावून सांगता येण्याइतकं माहीत होतं. तरी मी तो काढून नेला, कारण माझे वडील खोट्या काट्यावर उभे राहतात याची मला लाज वाटली. ती लाज माझी होती, नानांना तिचा काही त्रास नव्हता.

फोन झाला असता तर नाना आज असते का, हे मी सांगू शकत नाही. ते सांगणारा वर आहे, आणि त्याला मी अजून विचारलेलं नाही. सकाळी देवापुढे बसतो, पण मागत काही नाही. फोन मात्र झाला असता आणि चार-पाच दिवस हाताशी होते, एवढं मी खात्रीने सांगतो.

तू वहीत एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाहीस. एकही दिवस चुकवला नाहीस. तू घाबरली होतीस, ते बरोबर होतं. माझ्यावर विश्वास ठेवलास, त्यात तुझी चूक नाही. यापुढे कुणी विचारलं, की काय झालं, तर सांग, की मामाने सांगितलं तसं मी केलं. न लाजता सांग. ते अक्षरन् अक्षर खरं आहे.

पोटभर जेव. माझ्यावर माया ठेव असं आज लिहवत नाही. तुला जमेल तसं कर.

मामा


१९ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

पत्र मिळालं. आधी मी वाचलं. दोन दिवस पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. तुझा इतका राग आला होता, की कामावर भट्टीचं दार आपटलं आणि मुकादमाने विचारलं, की बाई, घरी सगळं ठीक आहे ना. मी एक खोटी ओळ मागितली होती. सगळं आयुष्य लोकांशी गोड बोललास आणि नेमकं इथे तुला खरं आठवलं.

तिसऱ्या दिवशी तिला दिलं. ती खिडकीत बसून वाचत होती, मी स्वयंपाकघरातून बघत होते. वाचून झाल्यावर तिने वही काढली आणि तुझी वजाबाकी स्वतः करून पाहिली. मग रडली. नाना गेल्यापासून ती रडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडली आणि म्हणाली, की मामाचं कसं होणार. मला तुझी कीव करायची नव्हती. संध्याकाळी तिने भात मागून घेतला. सोमवारपासून कॉलेजला जाते. हसत नाही, पण जाते.

तू तिला सोडवलंस. तुझ्या पत्राशिवाय ती सुटली नसती, हे मला दिसतंय. तुला सांगायचं नव्हतं, पण तू एवढं लिहिलंस तर मीही लिहिते. तीन तारखेला संध्याकाळी नानांचे मोजे मी बदलले. घोट्याशी मोज्याची घडी खोल रुतली होती. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. सप्टेंबरात हेच मी पाहिलं होतं. नाना म्हणाले, की मोजे घट्ट आहेत. मी उठून वही बघितली, वजन दोन किलोंनी वाढलेलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं. माझ्या बोटाखाली माझ्या बापाचा पाय होता आणि मी वहीवर विश्वास ठेवला. तुझ्या हिशोबात हे नाही, कारण तुला माहीत नव्हतं. खारीलाही माहीत नाही. तिला सांगू नकोस.

तेव्हा सगळं एकट्याने उचलून नेऊ नकोस. माझ्या वाट्याचं मला राहू दे. ते घेऊनच मी रोज उठते, कामावर जाते.

खारी म्हणते, मामाला बोलाव. ये. रविवारी मी घरी असते. नानांचं मशीन कुणाला द्यायचं ते ठरवायचं आहे, त्यांच्या कपड्यांचंही. ते माझ्याने एकटीने होत नाही. दोन घास आमच्याबरोबर खा.

पण एक कर. आलास की माफी मागू नकोस. मागितलीस तर मला हो म्हणावं लागेल, आणि तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला नाही. माझ्याजवळ माफी अजून नाही, दादा. शोधते आहे. सापडली की मीच तुला लिहीन.

धाकटी